बारावा फोटो

२६ एप्रिल १९७४, शुक्रवार

नखं पुन्हा तपकिरी. लिंबू चोळलं, राख चोळली — जात नाही. औषधाचा डाग तो. अव्वा म्हणाली, "बी.ए. झालेल्या पोरीची नखं का ही? हॉटेलात कपबशा विसळणाऱ्याची बरी असतात की!"

अक्षय्य तृतीयेची तीन लग्नं अजून धुवायची आहेत. उद्या चौथं. अप्पा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि बघतात. दिवाळीत अर्धांग झालं तेव्हापासून उजवा हात मांडीवर असा असतो, जणू कुणी विसरून गेलंय. त्याच हातानं अर्धी पेठ फोटोत उतरवली होती. आता कॅमेरा माझ्या गळ्यात.

मान दुखते. झोपायला जाते.

२९ एप्रिल, सोमवार

सोमवारी बंद ठेवायचं असं ठरवलं होतं. पाटीही मीच रंगवली. सिद्धेश्वराच्या तळ्यावर जायचं, पायरीवर बसायचं, काहीही काढायचं नाही. नाहीतर मनाला येईल ते काढायचं. पण सकाळीच कडी वाजली.

मायलेकी. मुलीचा दाखवायचा फोटो हवा, बार्शीचं स्थळ आहे. आई पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "वाचली की, पण फोटो बुधवारी बार्शीला धाडायचाय. आणि जरा उजळ करा हं. बघताय ना कशी आहे ती!" मुलगी तिथंच उभी. गोदावरी नाव तिचं.

निगेटिव्हवर चेहऱ्यावरून पेन्सिल फिरवली की कागदावर माणूस गोरं होतं. अप्पांनी शिकवलंय मला. पण गेल्या वर्षी अशाच एका आईशी मी भांडले होते — फोटोत माणूस खरं दिसलं पाहिजे, म्हणून! ते गिऱ्हाईक गेलं, आणि मला दिवसभर किती बरं वाटलं होतं. आज नुसतं "बरं" म्हटलं. वाद घालायला उभं राहावं लागतं. तेवढंही त्राण नव्हतं.

जाताना गोदावरी मागे वळून म्हणाली, "ताई, पण मी ओळखू येईन ना?"



२ मे, गुरुवार

प्रभाचा निरोप. ती माझ्या वर्गातली, दोन वर्षं अकलूजला शिकवतेय. तिच्या हायस्कुलात इतिहासाची जागा निघाली आहे. हेडमास्तर मला घ्यायला तयार आहेत. एकतीस मेपर्यंत हो की नाही ते कळवायचं. ती तारीख गेली की जागा दुसऱ्याला!

दर रविवारी सुट्टी. उन्हाळ्यात सुट्टी. खडूनं हात पांढरे होतील, तपकिरी नाही. आणि मुली समोर बसलेल्या — आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, ते मी मुलींना शिकवण्यासाठीच शिकले ना?

पण मी गेले की दुकान बंद. फोटो मोठे करायचं यंत्र, एन्लार्जर, विकताय का म्हणून एक जण विचारून पण गेलाय. तो निघाल्यावर अप्पांनी डाव्या हातानं एन्लार्जरवरचं फडकं सारखं केलं.

आज फोटोंची ती पेटी काढली. माझी. आमच्या कॅमेऱ्यात एका रिळात बारा फोटो बसतात. निकाल लागला त्या दिवशी मी अप्पांना म्हटलं होतं, "अकरा गिऱ्हाइकाचे, बारावा माझा." गिऱ्हाइकाला वाटतं झालं. खांदे पडतात, टोपी मागे जाते, कुणी जांभई देतं, नवरी घोटे चोळते. तेव्हाचा चेहरा मला हवा. अप्पा किती हसले होते! "भाजीवाली वर कोथिंबीर टाकती, तसंच की हे. घे बाई, घे तुझी कोथिंबीर." तेव्हापासून त्याचं नावच कोथिंबीर.

पेटीतला शेवटचा फोटो संक्रांतीचा आहे. त्यानंतर एकही नाही. बारावाही नवऱ्याच्या मामालाच जातो.

६ मे, सोमवार

पाटी लावली. दुकान उघडलं. दोन्ही एकदमच!

९ मे, गुरुवार

कालपासून रेल्वेचा संप. स्टेशन एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं — गाडीची शिट्टी नाही म्हणून पहाटे जागच आली नाही. मुंबईहून फिल्मची पेटी यायची होती, ती आता कधी येईल देव जाणे. कपाटात मोजकीच रिळं.

अप्पा म्हणाले, "रुद्री, कोथिंबीर बंद." हल्ली शब्द तोंडातून अर्धवट पडतात, पण हे स्वच्छ बोलले.

"कधीच बंद झालीय, अप्पा," मी म्हटलं.

त्यांना माहीतच नव्हतं!

१३ मे, सोमवार

लिहू की नको? लिहिते. नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

काल अक्कलकोटला लग्न होतं. पहाटेच्या एस.टी.नं गेले. मुहूर्त लांबला, पंगती लांबल्या, जेवायला बसणार तेवढ्यात एक माणूस आला — भीमाशंकर, मैंदर्गीचा, डोक्यावर टॉवेल, डोळे लाल. "फोटोवाल्या बाई तुमीच का? वडील गेले आमचे. गुरुबसप्पा. जन्मात एक फोटो काढला न्हाई त्यांनी. चला, लई उपकार होतील." जीप घेऊनच आला होता. कपाळाला नवरीकडचं कुंकू तसंच, केसात अक्षता, अशी मी त्यात बसले. हिशेब केला: नवीन रीळ भरलेलंच आहे.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. गुरुबसप्पांनाही अंगणात बसवलं होतं. मांडी घातलेली, पाठीला लाकडी टेकण, डोक्याला फेटा, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. मांडव, भजन, माणसांची दाटी. मी एका मांडवातून निघून दुसऱ्या मांडवात आले होते. लहानपणापासून अप्पांबरोबर किती वेळा पाहिलंय हे! तरी काल माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. आमच्या कॅमेऱ्यात वरून खाली काचेत बघायचं असतं. काचेत फेटा, हार, शेजारी बायको. मी नेहमीसारखं सुरू केलं. जोडीचा, मुलांबरोबरचा, सुनांबरोबरचा. ऊन डोक्यावर. अकरा फोटो झाले असावेत. मान वर न करताच मी म्हटलं —

"हं, आजोबा, इकडे बघा. जरा हसा. हलू नका."

भजन थांबलं.

मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. भीमाशंकरचं तोंड उघडंच. मला वाटलं, जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं.

मग शिवबाई, गुरुबसप्पांची बायको, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, ती म्हणाली, "सांग की गं पोरी, सांग! तू तरी सांगून बघ. पन्नास वर्सं मी सांगायलीय. ऐकलंय व्हय कदी कुणाचं?"

आणि हसली. पदर तोंडात धरून नव्हे — मोकळी, खदखदा. मग सुना. मग एक म्हातारा, खोकत खोकत. हसता हसता तिचंच रडणं झालं, आणि कुणीतरी पुन्हा टाळ उचलला.

मी कॅमेरा मिटला. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोकं लावून बसले. जेवले नव्हते ते सोलापुरात उतरल्यावर आठवलं.

मेलेल्या माणसाला मी हसा म्हणाले. मला समोरचं माणूस दिसतच नाहीये. फोटो काढणाऱ्यानं आणखी काय गमवायचं राहिलं?

१४ मे, मंगळवार

ते रीळ तसंच आहे. हात लावला नाही. अकलूजला हो कळवावं. ठरलंच जवळजवळ.

१६ मे, गुरुवार

आत्या आल्या. चहा घ्यायच्या आधीच, "मैंदर्गीपासून माझ्या दारापर्यंत आलंय गं रुद्री. मेलेल्याला हस म्हणणारी चनबसप्पाची पोरगी! आता कोण बोलवणार तुला? आणि कोण सून करून घेणार? मास्तरीण हो. मास्तरणीला मान असतो. पोरं मेलेली नसतात, हसा म्हटलं की हसतात तरी."

अव्वानं डोळ्याला पदर लावला. अप्पांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. दारातल्या खुर्चीतून विचित्र आवाज आला. मी घाबरून धावले — पुन्हा झटका आला की काय!

अप्पा हसत होते. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच. दिवाळीपासून पहिल्यांदा.

"मी पण एकदा म्हटलोय," ते म्हणाले.

"काय?"

"दुधनीत. पाटलाला." श्वास घेतला. "'डोळे मिटू नका' म्हटलो."

आत्यांना ठसका लागला. चहा साडीवर सांडला. मी किती दिवसांनी हसले! हसले आणि मग आत जाऊन बराच वेळ रडले. का ते कळलं नाही. दमल्यामुळे असेल.

आत्या जाताना पुन्हा, "एकतीस तारीख. विसरू नको."

१८ मे, शनिवार

मैंदर्गीचं रीळ धुतलं. टाळून किती टाळणार? अकराव्या दिवसाला फोटो हवाय त्यांना, भिंतीवर लावायला.

अंधारखोलीत भट्टी. औषध गरम झालं तर फिल्मवरचा थर सायीसारखा सुरकुततो, फोटो गेला समजायचा. बर्फ आणून ताटाभोवती ठेवला. अंधारात माझाच घाम टपकताना ऐकू येत होता.

अकरा चांगले आले. बारावा मी काढलाय हे मला माहीतच नव्हतं! बोटानं आपणहून दाबलं असणार.

कडेला थोडं सुरकुतलंय. मध्ये गुरुबसप्पा — ताठ, शांत, फेटा किंचित कलता. आणि भोवती सगळे हसतायत. शिवबाईचं तोंड आभाळाकडे, हात त्यांच्या गुडघ्यावर. एका सुनेनं दुसरीच्या खांद्यात तोंड खुपसलंय. भीमाशंकर रागानं थेट माझ्याकडे बघतोय, आणि त्याच्याही ओठाचा कोपरा वर गेलाय.

दिवा लावला तरी हातातून खाली ठेववेना. संक्रांतीनंतरची पहिली कोथिंबीर. मी न काढलेली.

न काढलेली कशी? माझंच बोट!

२० मे, सोमवार

आज दुकान खरंच बंद. पण तळ्यावर गेले नाही, डोळे काढत बसले. ज्यांचा जिवंतपणी फोटो नाही त्यांचे मिटलेले डोळे फोटोवर ब्रशनं उघडे रंगवायचे, ही आमच्या दुकानाची ख्याती. अप्पांची, म्हणजे. गावोगावच्या भिंतींवर अप्पांनी उघडलेले डोळे आहेत. भीमाशंकरनंही बजावलं होतं, "डोळे उघडे पायजेत बगा."

अप्पा खुर्ची ओढून जवळ बसले. "बुबुळात पांढरा ठिपका विसरू नको. ठिपका नसंल तर माणूस जिवंत वाटत नाही." ठिपका दिला. अप्पांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "हे गुरुबसप्पा न्हाईत. हे आपले पोस्टमास्तर दिसायलेत."

पुसून पुन्हा काढले. तिसऱ्यांदा ब्रश आपटला. "मी यांना डोळे उघडे असलेले कधी बघितलंच नाही, अप्पा! कुठून आणू?"

"मी तरी कुठं बघितलो होतो?" अप्पा म्हणाले. "माझ्या बापाचे डोळे काढत होतो मी. सगळ्यांना."

मला हे माहीतच नव्हतं. मग मी अप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तसे काढले. चालतील असे झाले. चांगले नाहीत.

२१ मे, मंगळवार

भीमाशंकर फोटो न्यायला आला. बरोबर शिवबाई! दहा दिवस झाले नाहीत आणि बाई एस.टी.नं सोलापुरात. अव्वा दारातच थबकली. शिवबाई तिला म्हणाली, "घरात बसून काय करू गं बाई, रडणारे लई जण हायत तितं."

डोळे उघडलेला फोटो बघून भीमाशंकर खूश. शिवबाईनं लांब धरला, जवळ धरला. "बरा हाय. कुणाचा हाय?"

"अव्वा!" भीमाशंकर आईवर ओरडला.

"चांगला हाय म्हनलं की." आणि मग तिची नजर दोरीकडे गेली. बारावा मी मोठा करून वाळत घातला होता — माझ्यासाठीच. काढून ठेवायला विसरले. ती सरळ दोरीखाली जाऊन उभी राहिली. किती वेळ!

मला वाटलं, आता ही बोलणार, आणि गावभर होणार. मी म्हणाले, "चूक झाली माझी. त्या दिवशीही, आणि हा फोटोही. जाळून टाकते."

"जाळतीस?" ती गर्रकन वळली. "हात तरी लाव! ह्यो दे मला."

भीमाशंकर पुढे झाला. "अव्वा, खुळी का काय? मड्यापाशी बसून दात काढायलेत सगळे. लोक काय म्हणतील?"

"त्यो भिंतीवरचा लोकांला. पावण्यारावळ्यांला. ह्यो माझ्या ट्रंकेत." मग फोटोवर बोट ठेवून मला म्हणाली, "हे बग. त्येचा फेटा कललाय. असाच असायचा. गंमत झाली की मान अशी करायचे, हसायचे न्हाईत. मला ठावं असायचं, आत हसायलेत."

फेटा वाऱ्यानं कलला असेल. नाहीतर कुणाचा धक्का लागून. मी चिमटा काढून फोटो तिच्या हातात दिला.

फोटो पदरात गुंडाळून, छातीशी धरून गेली. अप्पा दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं.

२२ मे, बुधवार

झोपले. दुपारी. चक्क.

२५ मे, शनिवार

आजपासून एका दिवशी एकच लग्न. सकाळी एक घेतलं होतं, त्याच दिवसाचं संध्याकाळचं विचारायला आले त्यांना नाही म्हटलं. अप्पांकडे बघितलं नाही. नाही म्हणायला एवढी ताकद लागते, फोटो काढायला त्याहून कमी लागत असेल.

लग्नात बारावा राखून ठेवला. नवरीच्या बापानं पंगत उठल्यावर एकट्यानंच बसून जिलबी खाल्ली. घेतला!

तरी थकवा आहेच. हाडात मुरलाय. अकलूजचं मनातून जात नाही. तिथल्या मुलींचे चेहरे अजून बघितले नाहीत, तरी मला ते दिसतात. मी त्यांना काही देईन. इथं मी काय देते — उजळ केलेल्या पोरी आणि पोस्टमास्तरचे डोळे!

गोदावरीचा फोटो पुन्हा छापला. पेन्सिल पुसून. आहे तशी. बार्शीला काय व्हायचं ते होवो, हा तिला देऊन ठेवीन.

२८ मे, मंगळवार

संप मिटला. पहाटे शिट्टी ऐकली. फिल्मची पेटी येईल आता.

प्रभाचा पुन्हा निरोप: शुक्रवारपर्यंत तार कर, हेडमास्तर विचारतायत. तारेत काय लिहायचं ते दोन्ही प्रकारे मनात लिहून बघितलं. 'येते' लिहिलं की पोटात हलकं वाटतं. 'येत नाही' लिहिलं की मान दुखते.

म्हणजे उत्तर स्पष्ट आहे ना?

अप्पांना सांगितलं. "जा की," म्हणाले. "शिकलीस ती ह्याच्यासाठीच." आणि मांडीवरचा हात डाव्या हातानं उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला.

३१ मे, शुक्रवार

सकाळी अप्पांनी डाव्या हातानं दाढी केली. गालाला कापून घेतलं. स्वच्छ धोतर, टोपी. मला वाटलं देवळात निघाले. तर काठी टेकत आत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"काढ."

अप्पांचा एकही फोटो नाही. हे मला आजच कळलं! सगळे त्यांनी काढले, मग त्यांचा कोण काढणार? दिवाळीनंतर मी एकदा विचारलं होतं, तर "वाकडं तोंड कशाला?" म्हणून उठून गेले होते.

"आज का, अप्पा?"

"तुला डोळे जमत न्हाईत." सावकाश, एकेक शब्द. "मला बसवल्यावर माझे काढत बसशील. पोस्टमास्तर करशील माझा. उघडे हायत तोवर घेऊन ठेव."

मला हसू आलं. रडूही. दोन्ही दाबलं. मागे पडदा आहे आमचा, तळं आणि दोन हंस रंगवलेला. "वर कर त्यो. हंस नको मला." पडदा गुंडाळला. मागे भिंत राहिली, ओल आलेली, पंचवीस वर्षं कुणी न बघितलेली.

काचेत बघितलं. सवयीनं तोंडातून निघालंच, "अप्पा, मान जरा —"

"सांगू नको. गुरुबसप्पानं ऐकलं का तुझं?"

अव्वा दारात उभी होती, ती खुदकन हसली. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. तेव्हा दाबलं. मग टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं, तेव्हा. मग ओघळलेल्या बाजूला लाळ आली आणि अव्वानं पदरानं टिपली, तेव्हा — त्यांनी नको म्हटलं नाही. मी काही सांगत नव्हते. नुसती बघत होते. बाहेर कुणी कडी वाजवली, अव्वानंच "बंद आहे" म्हणून सांगितलं. मान दुखते की नाही ते विसरले.

चार-पाच फोटो झाल्यावर मी विचारलं, "भिंतीवरचा कोणता, अप्पा? एक नीट बसून काढू का?"

"आज अख्खी जुडीच तुझी."

रीळ संपलं तरी आम्ही तिघं तिथंच बसलो. बर्फ आणला. धुतलं. दोरीवर टांगलं. संध्याकाळी पहिल्यांदा तळ्यावर गेले, कॅमेरा न नेता.

१ जून, शनिवार

अव्वानं सकाळी कॅलेंडरचं पान फाडलं तेव्हा आठवलं — एकतीस तारीख काल मीच वहीत लिहिली, आणि तार करायची राहूनच गेली!